पोस्टाने आलेली सही



'सही' हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो! प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही, चेकवर सही, कुरिअर घेऊन येणाऱ्या मुलाच्या वहीत सही. हा शब्द मूळचा अरबी. 'सहीह' म्हणजे खरे, बिनचूक. त्याचाच एक सोबती फारसीतून आला, तो 'दस्तखत'. आपल्या जुन्या कागदपत्रांत त्याचा 'दस्कत' झाला. दस्त म्हणजे हात आणि खत म्हणजे लिहिणे. तिसरा शब्द 'स्वाक्षरी', म्हणजे स्वतःचे अक्षर. कृती एकच, पण एक शब्द म्हणतो की हे खरे आहे, दुसरा म्हणतो की हे हाताने लिहिलेले आहे आणि तिसरा म्हणतो की हे माझे आहे. आज मी ज्या छंदाविषयी बोलणार आहे त्यात या तिन्ही गोष्टींची कसोटी लागते. छंद दूरचा आहे, अमेरिकेतला. बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांच्या कार्डांवर त्या त्या खेळाडूची सही मिळवायची, आणि तीही समक्ष भेटून नव्हे, तर पोस्टाने.

मला तो कळला माझ्या भाचीच्या मुलामुळे. भाची न्यू जर्सीत राहते. ती मला मामू म्हणते आणि तिचा अकरा वर्षांचा मुलगा नाना म्हणतो. फोनवर त्याच्याशी बोलायला विषय काढावा लागत असे. एकदा मी विचारले, "सध्या काय चाललंय?" तर म्हणाला, "नाना, मी पत्रं लिहितोय." आजच्या काळात अकरा वर्षांचा मुलगा पत्रे लिहितो हे ऐकून माझे कान टवकारले. मग त्याने मला सगळे शास्त्र समजावून सांगितले.

आधी ही कार्डे काय ते सांगतो. पत्त्याच्या पानापेक्षा किंचित मोठे, जाड कागदाचे कार्ड. पुढे खेळाडूचे चित्र, मागे त्याची कामगिरी आकड्यांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही कार्डे सिगारेटच्या पाकिटात येत. पाकीट चेपू नये म्हणून आत एक जाड कागद घालावा लागे. कोणाच्या तरी डोक्यात आले की त्या कागदावर चित्र छापले तर गिऱ्हाईकही बांधले जाईल. पुढे तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली आणि कार्डे मोठ्यांच्या खिशातून मुलांच्या खिशात आली. आपल्याकडे १९८०च्या दशकात च्युइंगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत त्यांची अदलाबदल चाले, ते ज्यांना आठवत असेल त्यांना हे वेड समजावून सांगायला नको.

१९५२ साली टॉप्स नावाच्या कंपनीने ४०७ कार्डांचा एक मोठा संच काढला. साय बर्जर नावाच्या माणसाने त्याची आखणी ब्रुकलिनमधल्या आपल्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केली. त्यातली शेवटची कार्डे बाजारात उशिरा आली, खपली नाहीत, आणि गोदामात पडून राहिली. १९६० साली ती पडावात भरून अटलांटिक समुद्रात बुडवली, असे बर्जर स्वतः सांगत. त्याच संचातले मिकी मँटल या खेळाडूचे एक कार्ड २०२२च्या ऑगस्टमध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरना विकले गेले. समुद्रात काय काय गेले असेल याचा हिशेब आता मासे करोत.

गंमत अशी की १९५२च्या त्या कार्डांवर खेळाडूंच्या सह्या छापलेल्याच होत्या, हुबेहूब त्यांच्या अक्षरातल्या. तरीही मुलांना खरी सही हवी असे. छापलेली सही सगळ्यांची असते, हाताने केलेली एकाचीच.

आता पोस्टाने सही मागवण्याची रीत ऐका. एका पाकिटात तीन गोष्टी घालायच्या. एक पत्र, एक किंवा दोन कार्डे, आणि आपलाच पत्ता लिहून तिकीट लावलेले दुसरे पाकीट. खेळाडूला लिहायला बसावे लागू नये, नुसती सही करून पाकीट बंद करता यावे, हा हेतू. आपल्याकडे पूर्वी जोडकार्ड मिळे, एक अर्धे आपल्या मजकुराचे आणि दुसरे अर्धे उत्तरासाठी कोरे, तसाच हा प्रकार. अमेरिकेत साध्या पत्राचे तिकीट २०२५च्या जुलैत ७८ सेंटचे झाले. म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च दीड डॉलरच्या वर. मुलाच्या खाऊच्या पैशांतून तो जातो.

पत्र हातानेच लिहायचे, हा पहिला नियम. छापील पत्र आले की समोरच्याला वाटते, हा शंभर जणांना पाठवून सह्या विकणारा दिसतो. पत्र थोडक्यात असावे, खेळाडूचे नाव बिनचूक असावे आणि त्याच्या खेळातले काहीतरी आपण खरोखर पाहिले आहे हे त्यात दिसावे. दुसरा नियम, गुळगुळीत कार्डावर शाई ठरत नाही, तिचे थेंब होतात. म्हणून ही मुले कार्डावर आधी बाळाची पावडर हलक्या हाताने चोळतात. तिसरा नियम वेळेचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बेसबॉलचे सगळे संघ फ्लोरिडात किंवा ॲरिझोनात सरावाला जातात. मोसमाचे १६२ सामने सुरू व्हायचे असतात, खेळाडू निवांत असतात, तेव्हा तिथल्या मैदानाच्या पत्त्यावर पाकीट गेले तर उत्तराची आशा जास्त. आणि शेवटचा नियम, जे कार्ड हरवले तर रडू येईल ते पाठवायचे नाही.

पुढे काय करायचे? काही नाही. वाट पाहायची. उत्तर आठ दिवसांत येते, आठ महिन्यांनी येते, कधी काही वर्षांनी येते, पुष्कळदा येतच नाही. आमच्या पठ्ठ्याने वर्षभरात तीस पाकिटे टाकली. सह्या आल्या नऊ. दोन पाकिटे पत्ता चुकला म्हणून परत आली आणि एका पाकिटातून कार्डे जशीच्या तशी, कोरी परत आली. मी म्हटले, "वाईट वाटलं का रे?" तर म्हणाला, "नाना, परत तर पाठवलीत ना त्यांनी!" मासिकांच्या संपादकांकडून माझ्या कविता अशाच परत येत, तेव्हा मी इतका समंजस नव्हतो.

ज्यांच्याकडून सही हमखास येई अशा खेळाडूंची नावे या छंदात आदराने घेतली जातात. त्यातले एक बॉब फेलर. आयोवा राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, वेगवान चेंडू टाकण्यासाठी प्रसिद्ध. डिसेंबर १९४१मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याबरोबर ऐन भरातला खेळ सोडून ते नौदलात दाखल झाले. २०१०च्या डिसेंबरात वारले. आयुष्यभर त्यांनी इतक्या सह्या दिल्या की लोक थट्टेने म्हणत, फेलरची सही नसलेला चेंडू मिळवणे हेच जास्त अवघड.

दुसरे हार्मन किलब्रू. मिनेसोटा ट्विन्स संघाचे, ५७३ होमरन मारणारे आडदांड फलंदाज. होमरन म्हणजे आपल्या षटकाराचा थोरला भाऊ समजा. पण त्यांची सही एखाद्या शाळामास्तरांच्या कित्त्यासारखी होती. प्रत्येक अक्षर सुटे, गोल, वाचता येईल असे. आपल्या संघातला टोरी हंटर हा तरुण खेळाडू घाईघाईने रेघोट्या ओढून सह्या देतो हे त्यांनी पाहिले आणि त्याला बाजूला घेऊन समजावले. पुढे कधीतरी हे एखाद्या मुलाच्या हाती लागेल, त्याला हे कोणाचे नाव आहे ते वाचता आले पाहिजे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. हंटरने ते मनावर घेतले आणि त्या संघातल्या पुढच्या मुलांनीही. आज मोठमोठ्या खेळाडूंच्या सह्या म्हणजे एक गाठ आणि एक शेपूट असते, तिथे किलब्रूंच्या शिकवणीत तयार झालेल्यांचे नाव ओळखू येते. आपण कोणाला आपले नाव देतो तेव्हा ते त्याला वाचता येईल असे द्यावे, यापेक्षा अधिक सभ्यपणा कोणता?

तिसरा मात्र असा, की त्याला सही करणेच जड जाई. जो जॅक्सन, लोक त्याला 'शूलेस जो' म्हणत. दक्षिण कॅरोलिनातल्या कापडगिरणीत तो लहानपणीच कामाला लागला. शाळा मिळाली नाही. मोठा झाल्यावर फलंदाजी अशी की तिचे दाखले आजही दिले जातात. पण लिहिता-वाचता येत नव्हते. बायकोने, केटीने, कागदावर नाव लिहून द्यावे आणि त्याने चित्र काढल्यासारखे ते उतरवावे. १९१९च्या लाचप्रकरणात त्याचे नाव आले आणि १९२१मध्ये त्याला खेळातून कायमचे बाहेर काढण्यात आले. न्यायालयाने निर्दोष सोडले होते तरीही. त्याच्या नावाने ज्या सह्या दिल्या गेल्या त्यांतल्या बहुतेक केटीच्या हातच्या. १९११मधल्या एका छायाचित्रावर त्याच्या स्वतःच्या हातची सही आहे. ते छायाचित्र २०२१च्या ऑक्टोबरमध्ये चौदा लाख सत्तर हजार डॉलरना गेले.

हे वाचले तेव्हा मला माझी आई आठवली. रेशनकार्डापासून घराच्या कागदापर्यंत सगळीकडे तिचा डाव्या हाताचा अंगठा. शेजारी कारकून लिहीत, 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'. पूर्वी आपल्याकडे शेतकरी कागदावर नांगराची निशाणी करी. त्यात निदान त्याचे काम तरी दिसे. अंगठ्यात फक्त शाई दिसते. साक्षरता अभियान गावोगाव पोचले त्या काळात आई रात्रीच्या वर्गाला जाऊ लागली आणि देवनागरीत आपले नाव लिहायला शिकली. तिला ते लिहायला बराच वेळ लागे. बँकेतल्या रांगेतले लोक चुळबुळ करत. ती ओठ घट्ट मिटून एकेक काना, एकेक वेलांटी देई, आणि वर रेघ ओढल्याशिवाय पेन खाली ठेवत नसे. म्हणून मला केटीच्या सह्यांना खोट्या म्हणवत नाही आणि जोच्या त्या एका सहीची किंमत डॉलरांत मोजवत नाही. ज्याला नाव लिहायला कष्ट पडतात त्याने ते लिहिले, म्हणजे त्याने खरोखर काही दिले.

पण जिथे किंमत येते तिथे मागोमाग लबाडीही येते. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेने बनावट सह्यांचा व्यापार करणारी एक मोठी टोळी पकडली. त्या मोहिमेचे नाव 'ऑपरेशन बुलपेन'. जप्त केलेल्या मालात मदर तेरेसांची सही केलेले बेसबॉलही निघाले! कोलकात्याच्या गल्ल्यांत आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या त्या बाईंनी बेसबॉलवर सह्या कधी केल्या, हा प्रश्न गिऱ्हाइकांना पडला नाही. सही करणारी यंत्रेही आहेत, खेळाडूंच्या वतीने सह्या ठोकणारे नोकरही असत. त्यामुळे आता पुष्कळ खेळाडू पोस्टाने आलेल्या पाकिटांना हात लावत नाहीत. काही जण पैसे घेतात, तर काही जण ते पैसे एखाद्या धर्मादाय संस्थेला देतात. यात नवे काही नाही. गांधीजीसुद्धा स्वाक्षरीचे पाच रुपये घेत आणि ते हरिजन निधीत जमा करत.

मी भाचीच्या मुलाला विचारले, "तुझ्या नऊ सह्या खऱ्या आहेत कशावरून?" त्याने थोडा विचार केला आणि एका सहीची गोष्ट सांगितली. एक जुने खेळाडू, आता ऐंशीच्या घरातले. मोठ्या सामन्यांत ते एकच मोसम खेळले, पुढे नाव झाले नाही. याला त्यांचे कार्ड जुन्या बाजारात काही सेंटना मिळाले. त्याने पत्र लिहिले. उत्तरात सही केलेले कार्ड तर आलेच, शिवाय वहीच्या कागदावर थरथरत्या अक्षरात चार ओळी होत्या. पुष्कळ दिवसांत कोणाचे पत्र आले नव्हते, माझी आठवण ठेवलीस, अभ्यास कर, आईचे ऐक. मुलगा मला म्हणाला, "नाना, यंत्र असं कशाला लिहील?"

मला त्याचे म्हणणे पटले. बाजारात त्या सहीला काही मोल नाही, म्हणूनच ती बनावट असण्याचे कारण नाही. आपण समजतो की सही मागणारा लहान आणि देणारा मोठा. पण टाळ्या थांबून पन्नास वर्षे झालेल्या माणसाच्या दारात कोणीतरी आपले नाव बिनचूक लिहिलेले पाकीट टाकते, तेव्हा देणारा कोण आणि घेणारा कोण? पोस्टमन दोघांकडेही सारख्याच पावलांनी जातो.

आणि विश्वास म्हणाल तर केवढा! अनोळखी माणसाला आपली वस्तू पाठवायची, परतीचे तिकीटही आपणच लावायचे आणि तो ती परत करील असे धरून चालायचे. तीस वेळा असे केले आणि एकवीस वेळा निराशा झाली, तरी एकतिसावे पाकीट हा मुलगा चिकटवतोच आहे. आम्ही कविता लिहिणारे याहून वेगळे काय करतो?

श्रोतेहो, आपल्यालाही कोणीतरी आवडलेले असते. शाळेतले मास्तर, गावच्या जत्रेत कुस्ती मारलेला पैलवान, एकाच नाटकात पाहिलेली नटी, एकच पुस्तक लिहून गप्प बसलेला लेखक. त्यांचा पत्ता शोधून काढता येतो. पोस्टाची पेटी अजून कोपऱ्यावर आहे. त्यांना पत्र लिहा, हाताने लिहा, उत्तरासाठी पाकीट जोडा, आणि खाली आपले नाव मात्र वाचता येईल असे लिहा.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)