संकोच बाजूला ठेवून विचारावयाचे प्रश्न
(सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित आरोग्य व्याख्यानमालेत एका शल्यचिकित्सकाने दिलेले व्याख्यान)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी 'वृषणाचा कर्करोग' असे सांगितले. क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग 'मधुमेहावर बोलता येणार नाही का?' अशी सौम्य पृच्छा झाली. मधुमेहावर बोलणारे पुष्कळ आहेत. या व्याधीचे मात्र नावही घरात उच्चारले जात नाही, आणि म्हणूनच मी आग्रह धरला. विश्वस्तांनी तो मानला, याबद्दल त्यांचे आभार.

हा आजार विरळा आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात तर फारच कमी. परंतु तो गाठतो तो तरुणांना, प्रामुख्याने 15 ते 40 या वयात. म्हणजे शिक्षण संपवून पेढी सांभाळावयास घेण्याच्या, विवाहाची बोलणी चालू असण्याच्या काळात. सुरुवात बहुधा न दुखणाऱ्या गाठीने होते. दुखत नाही म्हणून ती दाखविली जात नाही, आणि दाखवावयाची तर कोणाला, हा प्रश्न असतोच. लहानपणी ज्यांचे वृषण खाली उतरलेले नव्हते, त्यांनी विशेष सावध असावे.

निदान झाल्यावर बहुतेक कुटुंबांचा पहिला प्रश्न 'किती दिवस राहिले?' हा असतो. एके काळी तो रास्त होता. रोग शरीरात पसरल्यानंतर दहांतील एखादाच रुग्ण वाचत असे. 1974 मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लाटिन हे औषध इतर दोन औषधांच्या जोडीने दिले आणि हे चित्र पालटले. आज अमेरिकेतील आकडेवारीनुसार रोग वृषणापुरताच मर्यादित असेल तर पाच वर्षांनंतर शंभरातील सुमारे 99 रुग्ण हयात असतात; दूरच्या अवयवांत पसरलेला असला तरी सत्तरांहून अधिक. आपला क्रिकेटपटू युवराज सिंग याच आइनहॉर्न यांच्याकडे 2012 मध्ये उपचारासाठी गेला होता. त्याची गाठ छातीत होती, परंतु जात याच कुळातली. त्याच वर्षी सप्टेंबरात तो पुन्हा भारतासाठी खेळला.

म्हणून पहिला प्रश्न निराळा असावा: 'शस्त्रक्रियेपूर्वी काय काय करावयाचे राहिले आहे?' सोनोग्राफी झाली, पुढे? एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या रक्ताच्या तपासण्या वृषण काढण्यापूर्वी होणे आवश्यक असते. शस्त्रक्रियेनंतर हे आकडे अपेक्षेप्रमाणे उतरतात की नाही, यावर पुढचा निर्णय अवलंबून असतो. मूळचा आकडाच नसेल तर तुलना कशाशी करावयाची? दुसरे, छेद कोठे घेणार हे विचारा. योग्य मार्ग जांघेतून आहे. अंडकोशाच्या त्वचेतून सुई घालून तुकडा काढणे किंवा तेथूनच शस्त्रक्रिया करणे टाळावयाचे असते, कारण त्यामुळे रोगाला पसरावयास नवी वाट मिळू शकते. हायड्रोसील समजून घाईने छेद घेतला जाण्याचा धोका असतो, म्हणून हे आवर्जून सांगतो.

आता ज्या प्रश्नासाठी मी हा विषय निवडला, तो. मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा, अविवाहित. बोलतात वडील; काकाही असतात; आई कोपऱ्यात डोळे पुसत असते. मुलगा खाली मान घालून बसलेला. 'मला पुढे मूल होईल का?' हे तो त्या खोलीत विचारूच शकत नाही, आणि वडिलांना प्राण वाचविण्यापलीकडे काही सुचत नाही. एक वृषण निरोगी असेल तर सामान्यतः वैवाहिक जीवनाला बाधा येत नाही, अपत्यप्राप्तीही होऊ शकते. परंतु केमोथेरपी आणि रेडिएशन यांनी शुक्राणूंची निर्मिती मंदावते, क्वचित कायमची थांबते. काही रुग्णांमध्ये मुळातच शुक्राणू कमी असतात. त्यामुळे शुक्राणू गोठवून ठेवण्याची सोय उपचारांआधी, शक्य तर शस्त्रक्रियेच्याही आधी करावयाची असते. एक-दोन दिवसांचे काम. परंतु केमोथेरपीची पहिली बाटली लागल्यानंतर ती संधी परत येत नाही. 2021 च्या कायद्यानुसार अशा बँकांना नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी आहे ना, हे पाहून घ्यावे. वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की, पाच मिनिटे खोलीबाहेर बसा आणि मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. विवाहित असेल तर सुनेला आत बोलवा. हा तिचाही प्रश्न आहे.

वृषण काढून तपासणीला पाठविल्यानंतर 'प्रकार कोणता?' हे विचारा. सेमिनोमा आणि नॉन-सेमिनोमा असे दोन मुख्य गट आहेत आणि त्यांचे उपचार एकसारखे नाहीत. शंका असेल तर अहवालाची प्रतच नव्हे, ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्या व मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी पुन्हा पाहवून घ्या. दुसरे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अवमान नव्हे. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

सी.टी. स्कॅनमध्ये रोग पसरलेला नाही असे दिसले, तर 'आणखी उपचार नकोच असे होऊ शकते का?' हे अवश्य विचारा. पहिल्या टप्प्यातील अनेक रुग्णांना केवळ नियमित देखरेखीवर ठेवता येते. मात्र ठरलेल्या तारखांना येणे ही त्याची अट आहे. दिवाळीची गर्दी, लग्नाचा मोसम, ही कारणे रोगाला समजत नाहीत.

केमोथेरपी ठरली तर किती चक्रे, हे विचारून लिहून घ्या. ब्लिओमायसिनचा परिणाम फुप्फुसांवर होऊ शकतो. पुढे कधीही भूल घ्यावयाची वेळ आली तर हे औषध घेतले होते हे सांगावे लागते. सिसप्लाटिनने मूत्रपिंड, श्रवणशक्ती आणि बोटांच्या संवेदना यांना इजा पोहोचू शकते. मूत्रपिंडांचे रक्षण व्हावे म्हणून त्या दिवसांत शरीरात भरपूर द्रव जावे लागते. सलाइन देतात, पाणीही पिण्यास सांगतात. येथे आपल्याच घरांतला एक प्रश्न उभा राहतो. चौविहार, पर्युषणातील उपवास, उकळलेल्या पाण्याचे नियम हे सारे डॉक्टरांना आधी सांगा. न सांगता रात्रभर पाणी वर्ज्य करणे धोक्याचे आहे. कित्येकदा औषधांच्या वेळा बसवून घेता येतात. जेथे बसत नाहीत तेथे गुरुमहाराजांना विचारावे, पण डॉक्टरांपासून लपवू नये.

खर्चाचेही स्पष्ट विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार या रुग्णालयात बसतो का, हे दाखल होण्यापूर्वीच समजले तर बरे. 'कोणाला सांगू नका' म्हणून मदतीचा अर्जही न करणारी घरे असतात.

आता प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. सभागृहात उभे राहून विचारणे ज्यांना अवघड वाटते त्यांनी नाव न लिहिता चिठ्ठी द्यावी. स्वयंसेवक डबा घेऊन आपल्यापर्यंत येतील.