जलतरणपटू वीरधवल खाडे आणि आपला विद्यार्थी-निधी

(संस्थेच्या गोरेगाव येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपले संमेलन यंदा गोरेगावात भरत आहे, हा योग आजच्या विषयाच्या दृष्टीने आम्हांस उचित वाटतो. हे गाव एके काळी पाण्यासाठी झगडले. १९६१ साली येथून मुंबई महापालिकेवर निवडून गेलेल्या मृणालताई गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले, ते नळाच्या पाण्यासाठी त्यांनी दिलेल्या लढ्यामुळेच. पुढे याच गोरेगावात प्रबोधन संस्थेचा ओझोन तरणतलाव उभा राहिला. हंडा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या आजीची नात आता तलावाच्या काठावर उभी राहून सेकंदांचा हिशेब करू लागली आहे. या नातीविषयी आपल्या संस्थेचे काही कर्तव्य आहे काय, हे विचारण्यासाठी आम्ही एका जलतरणपटूची कारकीर्द आपल्यापुढे ठेवीत आहो.

वीरधवल खाडे यांचा जन्म १९९१ साली कोल्हापुरात झाला. लहान वयातच घर सोडून ते बंगळूरला प्रशिक्षक निहार अमीन यांच्याकडे शिकावयास गेले. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले, तेव्हा त्यांना सतरावे वर्षही पुरे झालेले नव्हते. १०० मीटर मुक्त शैलीच्या प्राथमिक फेरीत ते आपल्या गटात पहिले आले, तरी एकूण क्रमवारीत पुढील फेरी गाठू शकले नाहीत. आपल्या गटातला पहिला जगात कितवा असतो, हे त्या कोवळ्या वयात त्यांना कळले; आणि ते कळूनही त्यांनी पाणी सोडले नाही.

दोन वर्षांनी, २०१० साली, ग्वांगझूच्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात २४.३१ सेकंदांची वेळ देऊन कांस्यपदक मिळविले. १९८६ साली सोल येथे खजानसिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्यपदक मिळविले होते. त्यानंतर चोवीस वर्षे आशियाई स्पर्धेत भारताला पोहण्याचे एकही पदक लाभले नव्हते.

या प्रकाराचे नाव फुलपाखराचे असले, तरी काम मल्लाचे आहे. दोन्ही हात एकाच वेळी पाण्याबाहेर काढून पुढे फेकावयाचे, दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे हाणावयाचे, आणि अखेरीस भिंतीला दोन्ही हात एकदमच लावावयाचे. एक हात मागे राहिला, तर पोहणारा बाद ठरतो. पूर्वी हा प्रकार छातीवरच्या पोहण्यातच मोडत असे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपासून त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. परंतु ज्या ५० मीटरच्या शर्यतीत आमच्या या वीराने पदक मिळविले, ती ऑलिंपिकमध्ये घेण्याचा निर्णय २०२५ साली झाला, आणि तोही २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या स्पर्धेपासून. म्हणजे ज्या शर्यतीत त्यांचे सामर्थ्य सर्वांत उजळून दिसले, तिचे दार त्यांच्या उमेदीच्या साऱ्या काळात ऑलिंपिकमध्ये बंदच राहिले.

२०११ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. महाराष्ट्र शासनाने त्यांना तहसीलदार नेमले. आपल्यापैकी किती आईबापांनी आपल्या मुलासाठी याच पदाची प्रार्थना केली असेल! तथापि नोकरीच्या व्यापात सराव मागे पडला आणि काही वर्षे तशीच गेली. पुढे ते पुन्हा पाण्यात उतरले. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर मुक्त शैलीच्या प्राथमिक फेरीत त्यांनी २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम शर्यतीत वेळ लागली २२.४७, जपानचे शुनिची नाकाओ २२.४६ सेकंदांत पोहोचले. एका शतांश सेकंदाने कांस्यपदक गेले! त्या वेगाने हिशेब केला, तर हे अंतर सव्वादोन सेंटिमीटरांचे, बोटाच्या पेराएवढेच भरते. २०२३ साली गोव्यातील राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत वीरधवल आणि त्यांच्या पत्नी ऋजुता या दोघांनीही ५० मीटर मुक्त शैलीत सुवर्णपदक मिळविले, आणि तेथेच वीरधवल यांनी स्पर्धांचा निरोप घेतला.

येथे दुसऱ्या एका महाराष्ट्रीय तरुणाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. करमाळ्याचे सुयश जाधव यांनी वयाच्या अकराव्या वर्षी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावले. त्यांनीच २०१८ साली त्याच जकार्तात झालेल्या दिव्यांगांच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये ३२.७१ सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक मिळविले.

हे दोघे आपल्या ज्ञातीचे आहेत काय, असा प्रश्न सभेत कुजबुजला जात असल्यास त्याची चौकशी आम्ही केलेली नाही. दुसऱ्याच्या पदकाने आपली मान उंचावण्यापेक्षा आपल्या घरातील मुलाच्या उमेदीला आपण काय दिले, हे पाहणे अधिक बरे. आणि येथेच आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे.

मागील वर्षी विद्यार्थी-निधी समितीपुढे एका ज्ञातिभगिनीचा अर्ज आला होता. मुलगी पोहण्याच्या स्पर्धेसाठी निवडली गेली आहे, प्रवासखर्चास साहाय्य मिळावे, एवढीच विनंती होती. त्या अर्जावर ‘शैक्षणिक बाब नसल्याने अमान्य’ असा शेरा आम्ही आमच्या हाताने लिहिला. नियमावर बोट ठेवून पाहता तो बिनचूक होता. परंतु त्या माउलीने पुढे कोणाकडे हात पसरले असतील, की मुलीलाच घरी बसविले असेल, हा विचार आमचा पिच्छा सोडीत नाही.

वीरधवल यांच्या कोल्हापुराकडे पाहा. ज्या राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढविली, त्यांनीच खासबागेचे कुस्तीचे मैदानही उभारले. पाटी आणि माती यांत त्यांनी सवतेपण मानले नाही. मग आपणच गुणपत्रिकेपुरते का पाहावे?

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, निधीच्या नियमांत ‘शिक्षण’ या शब्दापुढे ‘व क्रीडा’ एवढे दोनच शब्द घालावेत, आणि या सुधारणेनंतर पहिला अर्ज म्हणून मागील वर्षीचा तोच अर्ज पुन्हा समितीपुढे यावा. त्यावरील आमचा शेरा आम्ही आज आपणा सर्वांसमक्ष मागे घेत आहो. ती मुलगी पदक आणील की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु ती काठावरूनच परत फिरली, तर त्याचे कारण आपला नियम नसावा.