पवनचक्की आणि पायाखालची भूमी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली आणि सुमारे दहा हजार माणसे प्राणांस मुकली. बसवकल्याण तेथून ५० किलोमीटरांच्या आतच आहे. दगडमातीची ठेंगणी, जड घरे त्या जलद कंपनांत ढासळली.

पवनचक्कीची प्रकृती निराळी. शंभर मीटर उंच मनोऱ्याच्या माथ्यावर अवजड यंत्र असते. त्याचा एक झोका सुमारे तीन सेकंदांचा. कातळातील जलद कंपनांनी तो पायापासून सहसा फारसा डोलत नाही. मऊ मातीचा जाड थर मात्र संथ लाटा वाढवितो. त्यांचा ताल झोक्याशी जुळला, तर मनोऱ्यावरील ताण वाढतो. माती दबली, तर पाया कलतो.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. त्याच पाटण तालुक्यात वनकुसवडेच्या कातळी पठारावर पुढे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. बसवकल्याणच्या शिवारातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. येथे मनोरा उभारावयाचा, तर तिचा थर किती जाड आणि खाली कातळ किती खोल, हे आधी भोक घेऊन पाहावे लागते. किल्लारीनंतर ही तपासणी खर्चाची बाब न मानता कर्तव्य मानावी, हेच शहाणपण होय.