गड लढला, गावाचं काय झालं?



नाशिकहून पेठ रस्त्याने निघालं की रामशेज किल्ला दिसतो. पायथ्याला आशेवाडी. गडाची कथा आपण ऐकत आलो. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेचा वेढा पडला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून शिबंदीने लाकडाच्या केल्या. शहाबुद्दीन खान हात हलवत परतला. पाच वर्षं गड झुंजला आणि शेवटी गेला तो तोफेने नव्हे, पैशाने.

पण त्या पाच वर्षांत पायथ्याला पेरणी झाली का? फौजेचे घोडे कुणाच्या उभ्या पिकात चरले? गडावरचा दाणा कुणाच्या खळ्यावरून गेला? इतिहासात सरदारांची नावं आहेत, कुणब्याचं नाही. रयतेच्या दाण्यागवताला हात लावू नका, अशी ताकीद शिवाजी महाराजांनी आपल्या लष्कराला दिली होती. लूट कुठून सुरू होते, हे राजाला ठाऊक होतं.

आता घोडे येत नाहीत, हुकूम येतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली आणि आपल्याच जिल्ह्यात भाव कोसळले. हेही कुणी लिहिणार नाही. म्हणून आपणच लिहू. गावोगाव एक वही घाला: काय पिकलं, खर्च किती, हाती काय आलं. तोच आपल्या गावाचा इतिहास.