नोंद सापडली, पण कुठली?

आपल्यापैकी जो कोणी संगणकावर किंवा फोनवर कामांच्या याद्या ठेवतो, त्याचा आजच्या विषयाशी रोज संबंध येतो. यादीत मुद्दे असतात, त्यांच्या पोटात उपमुद्दे, त्यांच्याही पोटात आणखी काही. अशी उतरंड रचणं सोपं आहे. तिच्यातून निवडक नोंदी गाळून काढल्या, तर त्या दाखवायच्या कशा, हे अवघड.

समजा, 'घर' या नोंदीखाली 'सोसायटी', 'मुलीचं कॉलेज' आणि 'वाचनालय' आहे. तिन्हींखाली एकच काम लिहिलंय : 'पैसे भरणे'. उतरंडीत यात काही गोंधळ नाही. आता 'या आठवड्यातली कामं' असा फिल्टर लावा. पुष्कळ सॉफ्टवेअर फक्त जुळलेल्या ओळी एकाखाली एक मांडतात. पडद्यावर काय दिसतं? पैसे भरणे, पैसे भरणे, पैसे भरणे. कुणाचे, कशाचे, पत्ता नाही. नोंदीचा निम्मा अर्थ तिच्या वरच्या नोंदीत होता आणि नेमका तोच कापला गेला.

निवडलेलं दाखवायचं कसं, हा प्रश्न जुनाच आहे. संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एनएलएस या संगणक-प्रणालीचं जाहीर प्रात्यक्षिक दिलं. ते गाजलं माउसमुळे. मला त्यातली बाजारहाटाची यादी अधिक मोलाची वाटते. वस्तू गटवार लावल्यावर किती पातळ्या दाखवायच्या, प्रत्येक नोंदीच्या किती ओळी दाखवायच्या, हे त्यांनी तिथल्या तिथे बदलून दाखवलं. माहिती तीच राहिली, बदललं ते फक्त तिचं दर्शन. निवड आणि मांडणी हे दोन निर्णय वेगळे आहेत, ही समज तेव्हापासून आपल्या हाताशी आहे.

या समजेचा चांगला वापर ऑर्ग-मोड या याद्या आणि नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये ईमॅक्स या मजकूर लिहायच्या सॉफ्टवेअरसाठी ते लिहायला घेतलं. त्यात 'विरळ वृक्ष' नावाची सोय आहे. शोध घेतला की जुळलेली ओळ उठून दिसते, तिच्या वरची शीर्षकं मुळापर्यंत उघडी राहतात आणि बाकीचा पसारा मिटतो. आपल्या उदाहरणात 'सोसायटी' आणि तिच्याखाली 'पैसे भरणे' असं दिसेल. प्रश्न मिटला.

खालच्या नोंदींचं मात्र इतकं सरळ नाही. ऑर्ग-मोडमध्ये वरच्या शीर्षकाला लावलेला टॅग खालच्या सगळ्यांकडे वारशानं जातो. 'तातडीचं' हा टॅग एका मोठ्या कामाला लावला, तर त्याच्या पोटातली प्रत्येक बारीकसारीक नोंद तातडीची ठरते आणि शोधाचं उत्तर फुगतं. म्हणून वारसा बंद करायची सोयही तिथे ठेवली आहे. माझ्या मते वरच्या नोंदी फिक्या रंगात दाखवाव्यात, म्हणजे त्या जुळलेल्या नसून सोबतीला आल्यात हे कळेल. आणि खालच्या मिटलेल्या ठेवून शेजारी त्यांची संख्या द्यावी.

सर्वांत घातक फिल्टर म्हणजे 'पूर्ण झालेलं लपवा'. मोठ्या कामावर आपण घाईत बरोबरची खूण करतो, पण पोटातलं एक काम बाकी असतं. वरची नोंद लपली की तिच्याबरोबर तेही पडद्याआड जातं. ते झालेलं नसतं आणि दिसतही नसतं. ऑर्ग-मोडमध्ये एक पर्याय चालू केला, तर खालची कामं पुरी झाल्याशिवाय वरचं काम पूर्ण म्हणून नोंदवताच येत नाही. हा पर्याय सुरुवातीला बंद असतो. तो आवर्जून चालू करावा. अपुरं काम लपवणारा फिल्टर सदोषच म्हटला पाहिजे, मग तो कितीही वेगवान असो.

तेव्हा नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी तीन पातळ्यांची छोटी यादी करा. वरच्या कामावर खूण करा, तळातलं एक बाकी ठेवा आणि पूर्ण झालेली कामं लपवा. बाकी राहिलेलं काम आपल्या वरच्या नोंदींसह समोर आलं नाही, तर त्या सॉफ्टवेअरवर आपल्या कामांचा भार टाकू नका.