ही बाई कुठल्या गावची?

(नागपूर येथे सभासद व हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मेळघाटातल्या आपल्या सेविकांच्या प्रशिक्षणासाठी पंचवीस टॅबलेट आणि आभासी जग दाखवणारे दोन चष्मे द्यायची तयारी आपल्यातल्या एका कुटुंबानं दाखवली आहे. त्यांचे मनापासून आभार. खरेदी याच महिन्यात ठरायची आहे, म्हणून आज त्याबद्दलच बोलते.

व्हिडिओवरून शिकता येतं का? येतं. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी मुळात संगणक शिकवण्यासाठी सुरू केला. धडा साधारण दहा मिनिटांचा. थोडं पाहायचं, थांबवायचं, स्वतः करायचं, मग पुढे जायचं. पुढे बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली स्तनपान आणि पोषणाचे धडेही तयार झाले. मराठीसह अनेक भाषांत ते फुकट मिळतात.

बंधूंना संकोच वाटेल, पण तपशील सांगायलाच हवा. उजव्या बाजूला पाजायचं तर बाळ डाव्या हातावर घ्यायचं, म्हणजे उजवा हात स्तनाला आधार द्यायला मोकळा राहतो. बाळाचं पोट आईच्या अंगाला टेकलेलं हवं. बाळानं जांभईएवढा आ केला की मगच त्याला जवळ ओढायचं. तोंडात नुसतं बोंड गेलं तर आईला दुखतं आणि बाळ तासभर चोखूनही अर्धपोटी राहतं. भोवतालचा काळा भाग, खालच्या बाजूचा जास्त, तोंडात जायला हवा. पहिल्या महिन्यांत वजन दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढावं. वाढलं नाही की सगळे म्हणतात, आईला दूधच नाही. पुष्कळदा दूध असतं, बाळाला ते ओढता येत नसतं. हे मी चार वेळा सांगून कळणार नाही, ते पडद्यावर दोन मिनिटांत दिसतं.

आता वस्तीवर काय होतं ते ऐका. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोहच्या पुढे गेलं की फोनला रेंज मिळेल याचा भरवसा नाही. हरिसाल मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं ‘डिजिटल गाव’ झालं, पण आपल्या वस्त्या रस्त्यापासून आत आहेत. म्हणून धडे मेमरी कार्डवर नेतो. त्याहून अवघड गोष्ट भाषेची. कोरकू ही मराठीच्या नात्यातली नव्हे, ती संथाली-मुंडारीच्या घरातली. सुनेला मराठी थोडीफार समजते, पण बाळ कसं धरायचं हे सासू ठरवते. एका आजीनं अख्खा धडा शांतपणे पाहिला आणि विचारलं, “ही बाई कुठल्या गावची?”

प्रश्न भाबडा नाही. शेतीचे व्हिडिओ करणाऱ्या ‘डिजिटल ग्रीन’नं परिसरातल्याच शेतकऱ्यांना कॅमेऱ्यापुढे उभं केलं, आणि गावातलाच कुणी तो व्हिडिओ थांबवत थांबवत दाखवी. आपल्या सेविका तेच करतात. थांबवून कोरकूत सांगतात, बाहुलीवर करून दाखवतात, मग आई स्वतःचं बाळ घेते. दहा मिनिटांच्या धड्याला दीड तास लागतो.

चष्म्यांची मी थट्टा करत नाही. वैमानिक, शल्यचिकित्सक अशा साधनांवर सराव करतात, हात चुकला तरी कुणी दगावत नाही. पण चष्मा एका वेळी एकाच्याच डोळ्यांवर बसतो. आम्हाला सासू, सून आणि आशाताई या तिघींना एकाच वेळी तेच दाखवायचं असतं. आणि बाळाचा भार हातालाच कळावा लागतो.

म्हणून माझी विनंती अशी: टॅबलेट चारच घ्यावेत, सोबत मोठ्या आवाजाचे स्पीकर आणि सौर चार्जर. उरलेल्या पैशातून सेविकांच्या त्या दीड तासाचं मानधन वाढवावं आणि मेळघाटातल्याच आयांना घेऊन कोरकूत धडे करावेत. चेहरा दाखवायचा की नाही हे त्या आया ठरवतील. ते चित्रण इंटरनेटवर जाणार नाही, आपल्या अंकातही त्याचा फोटो छापला जाणार नाही. देणगीदारांना दाखवायला काही हवं असतं हे मला ठाऊक आहे, तरीही.

महिला संघाच्या भगिनींनी बाहुल्या शिवून द्यायचं कबूल केलं आहे. वजन अडीच-तीन किलो असावं, डोकं जड आणि मान सैल. आत तांदूळ भरू नका, उंदीर लागतात. धुऊन वाळवलेली रेती चालेल.