पाठीवरचा खवाटा
(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आपल्या पिंपरी-चिंचवडला हाताला काम मिळते, असे लोक म्हणतात. ते खरे आहे. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ निघाले. मग भोसरी, चिंचवड, आकुर्डी असे कारखाने पसरत गेले. चाकण पूर्वी कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी ठाऊक होते. तो बाजार आजही भरतो, पण आता तिथे मोटारीही तयार होतात.

हाताला काम आहे खरे, पण हा हात टांगला आहे कशावर? आज आम्ही त्याच हाडाविषयी सांगणार आहोत.

आधी एक गंमत करू. शेजाऱ्याच्या पाठीवर हात ठेवा. बायांनी बाईच्या पाठीवर ठेवावा, पुरुषांनी पुरुषाच्या. कण्याच्या बाजूला, वरच्या अंगाला एक चपटे, तिकोनी हाड लागेल. असे हाड दोन्ही बाजूंना आहे. त्यालाच खवाटा म्हणतात. जनावराचा असला की आपण फरा म्हणतो. वैद्यकाच्या पुस्तकात त्याला अंसफलक असे नाव आहे. दुसऱ्या बरगडीपासून सातव्या बरगडीपर्यंत तो पसरलेला असतो.

खवाट्याच्या वरच्या भागात एक आडवा कंगोरा हाताला लागतो. तो बाहेर बाहेर जात खांद्यावर येतो. तिथे त्याचे छपरासारखे टोक होते. त्या छपराखाली खवाट्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात एक उथळ बशी आहे. दंडाच्या हाडाचा गोळा त्या बशीला टेकतो. हा झाला खांद्याचा सांधा.

मांडीचा सांधा असा नाही. तिथे खोल वाटी आहे आणि गोळा तिच्यात घट्ट बसतो. खांद्याची बशी उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो. पण म्हणूनच खांदा लवकर निखळतोही. मोकळेपणाची किंमत अशी मोजावी लागते.

आता दुसरी नवलाची गोष्ट ऐका. हा खवाटा बरगड्यांना हाडाने जोडलेला नाही. छातीच्या मधल्या हाडापासून खांद्यापर्यंत हासळीचे हाड जाते. खवाट्याला धडाशी जोडणारा हाडाचा दुवा तेवढा एकच. बैलाला तर हासळीही नसते. खेड तालुक्यातल्या शेतकऱ्याने लाडाने वाढवलेला गाड्याचा बैल घाटात उधळतो, तेव्हा त्याचे पुढचे पाय धडाला नुसत्या मांसाने बांधलेले असतात. आपले थोडेफार तसेच आहे. खवाट्याला जागेवर धरतात ते स्नायू.

असे सतरा स्नायू या एका हाडाला चिकटले आहेत. त्यांची नावे पाठ करायची नाहीत. मार्केट यार्डात हमालांच्या टोळ्या असतात ना, तशा त्यातल्या मुख्य स्नायूंच्या तीन टोळ्या करू.

पहिली टोळी वर उचलणारी. डोक्याच्या मागून निघून मान, खांदा आणि अर्ध्या पाठीवर पसरलेला एक मोठा स्नायू आहे. घोंगडी पांघरावी तसा तो दिसतो. त्याच्या खाली मानेपासून खवाट्याच्या वरच्या कोपऱ्याला जाणारा दुसरा एक आहे. दिवसभर ओझे वाहून “मान भरून आली” असे आपण म्हणतो, ती तक्रार बहुधा या दोघांची असते.

दुसरी टोळी मागे-पुढे ओढणारी. काही स्नायू खवाट्याला कण्याकडे ओढतात. एक स्नायू काखेखालच्या बरगड्यांवरून निघतो. त्याची कड करवतीसारखी दातेरी असते. तो खवाट्याला पुढे ओढतो आणि बरगड्यांना दाबून धरतो. हातगाडी ढकलताना हाच राबतो. त्याची नस छातीच्या कडेने, फार वरून जाते. खांद्यावर जड ओझे वागवून कधी कधी ती दुखावते. मग भिंत ढकलताना खवाटा पंख फुटल्यासारखा बाहेर येतो. असे दिसले तर डॉक्टरला दाखवावे.

तिसरी टोळी चार लहान स्नायूंची. हे खवाट्यावरून निघून दंडाच्या गोळ्याला चारी अंगांनी धरतात आणि बशीत ठेवतात. त्यातल्या एकाची दोरी त्या छपराखालच्या अरुंद फटीतून जाते. ही दोरी नीट लक्षात ठेवा.

आता शेजाऱ्याच्या खवाट्याच्या खालच्या टोकावर बोट ठेवा. त्याला हात बाजूने हळूहळू वर न्यायला सांगा. टोक बाहेर सरकले की नाही? हात मांडीपासून कानापर्यंत गेला की १८० अंश होतात. त्यातले सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्याचे, आणि सुमारे ६० खवाट्याचे. म्हणजे तीन वाट्यांतला एक वाटा पाठ देते. खवाटा वेळेवर फिरला तर छप्परही वर उचलले जाते आणि दोरीला जागा मिळते. पाठीचे स्नायू थकले की खवाटा मागे पडतो आणि दोरी चेंगरते.

हे सांगायचे कारण आहे. मोटार वर टांगलेली, माणूस खाली उभा, आणि हात तासन्‌तास डोक्यावर, असे काम आपल्यातले किती तरी जण करतात. कोणी छताला रंग देतो, कोणी वर वायरी ओढतो. आधी रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. मग हात अर्धा वर नेताना कळ येते. तरीही माणूस बोलत नाही. “सांगितलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील,” अशी कंत्राटी कामगाराची भीती असते. ती भीती खोटी नाही. पण चेंगरणारी दोरी पुढे विरते आणि तुटू शकते. मग हातच वर जात नाही. तेव्हा नोकरीही जाते आणि हातही जातो. म्हणून लवकर बोललेले बरे. एकट्याने बोलवत नसेल तर चौघांनी मिळून बोलावे.

ओझ्याचेही तेच. पूर्वी शंभर किलोचे पोते एकटा हमाल पाठीवर घेई. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिफारस केली, की एका पुरुषाने वाहायचे ओझे ५५ किलोहून जास्त असेल तर ते कमी करावे. बायांसाठी ते पुष्कळच कमी असावे. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांसाठी कायदा झाला. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. कष्टाला कायद्याचे छत्र मिळाले, ते हमाल एकजुटीने झगडले म्हणून.

आता करायचे काय ते सांगतो. काम डोक्याच्या वर असेल तर पायाखाली पक्की घडवंची घ्या, म्हणजे काम छातीपुढे येईल. अधूनमधून हात खाली सोडा. ओझे अंगाजवळ धरा, आणि खांदा आलटून-पालटून वापरा. सकाळ-संध्याकाळ भिंतीला तळवे टेकून दहा वेळा हळू ढकला. मग दोन्ही खवाटे मागे, कण्याकडे आणून सोडा. दुखले तर थांबा. दुखऱ्या खांद्याला कोणाकडूनही हिसका देऊन घेऊ नका. मधुमेह असणाऱ्यांचा खांदा आखडण्याचा संभव जास्त असतो. त्यांनी अंगावर काढू नये.

पगारातून ई.एस.आय.चे पैसे कापले जात असतील तर तिथले औषधपाणी हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. पिंपरीला संत तुकारामनगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयही आहे. आणि एक ध्यानात ठेवा. खांदा दुखतो, छाती दाटते, घाम सुटतो, असे एकदम झाले तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तेव्हा चोळत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

यंत्राला तेल घालायला आपण विसरत नाही. यंत्राचा सुटा भाग बाजारात मिळतो. खवाट्यावरची दोरी मिळत नाही. तिची काळजी आपणच घ्यायची.

विचार करा आणि सांगा
१. खवाट्याला जागेवर कोण धरून ठेवते?
२. हात वर नेताना खवाटा फिरला नाही तर काय होते?
३. तुमच्या कामात हात किती वेळ डोक्याच्या वर असतो? तो खाली आणायला काय करता येईल?